कोरडी मान

माझ्या सासऱ्यांच्या मानेला मी बारा वर्षं रोज हात लावत आले. माया वगैरे काही नाही हं, तपासणी. कामावरून घरी आलं की चपला काढायच्या, पिशवी खुंटीला अडकवायची आणि थेट त्यांच्या खुर्चीमागे जाऊन मानेवर तळवा ठेवायचा. मान ओली लागली तर पंखा वाढवायचा, शर्ट बदलायला लावायचा, लिंबूपाणी समोर धरायचं. कोरडी लागली तर सगळं ठीक, चहा टाकायचा.

याला कारण होतं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा बाबा एका दुपारी धक्क्यावर चक्कर येऊन पडले. घामाने नुसते निथळत होते, बनियन पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. समुद्राकाठचं आमचं शहर ते, हवाच ओली. घाम आला की अंगावर तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, "यांच्या घामावर लक्ष ठेवा." म्हणाले ते माझ्याकडे बघून, कारण माझा नवरा जहाजावर स्वयंपाकी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. लक्ष ठेवणार कोण, तर मी. मी ठेवलं. एक दिवस चुकवला नाही.

बाबांनी त्याची चेष्टा करून ठेवली होती. मी लाँड्रीत कामाला. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायच्या. कापड आतून वाळलं की नाही हे मला गालाला लावून कळतं, त्याला यंत्र लागत नाही. तर माझा हात मानेवर पडला की मागे वळून न बघताच बाबा म्हणायचे, "आली का इस्त्रीवाली? बघ, वाळलोय का!" मी म्हणायची, "वाळलात. आता घडी घालते." रोज तेच. ऐकून ऐकून शेजाऱ्यांचे कान किटले होते, आमचे कधी किटले नाहीत.

मग ती लाँड्री बंद पडली. इमारत इतकी मोडकळीला आली होती की मशिनं सुरू झाली की छताचे पोपडे चादरींवर पडायचे. मालक म्हणाला, "वाळवंटातल्या शहरात एका मोठ्या दवाखान्याचं काम घेतलंय. तिथे मुख्य म्हणून येता का? राहायला दोन खोल्या देतो." या वयात मला दुसरं कोण बोलावणार होतं? मी तिथल्या तिथे हो म्हणून आले.

बाबा नाही म्हणाले. चाळीस वर्षं बंदरातली प्रवासी लाँच चालवलेला माणूस. इकडच्या धक्क्यावरून तिकडच्या धक्क्यावर, दिवसभर. "तिथे वारा कुठून येणार?" म्हणाले. "वाळूतून?" मी चिडले. माझा राग नाकावर असतो हे मलाही माहीत आहे. म्हटलं, "राहा मग इथे एकटे. पडा एखाद्या दुपारी. आणि मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू? अहो, तुमच्या जिवासाठीच नेतेय ना!" ते आपली लाकडी पेटी आवरायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "चल बाई. पण तिथे मला काही झालं तर तुझ्या माथी हं." हसत म्हणाले. मीही हसले.

नव्या घराने पहिल्याच दिवशी मला चटका दिला. दाराच्या लोखंडी कडीला हात लावला तर चट्‌कन ठिणगी उडाली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मग कपाटाला तसंच, नळाला तसंच, बाबांच्या हाती कप देताना बोटाला बोट लागलं तरी तसंच. मी घाबरून वायरमनला बोलावलं. तो भिंतीतली सगळी बटणं उघडून बघून हसत निघाला. "वायर ठीक आहे बाई. हवा कोरडी आहे, म्हणून होतं." हवा कोरडी आहे म्हणून ती माणसाला चावते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या उशीवर रक्ताचे थेंब दिसले. नाकातून आलेलं. माझ्याही नाकात खपल्या धरल्या होत्या, ओठ फुटले होते. आणि पाचव्या दिवशी भर दुपारी आतल्या खोलीत असा आवाज झाला की कुणी बंदूक झाडली असं वाटलं. हातातलं भांडं टाकून धावत गेले. बाबांची ती लाकडी पेटी. चाळीस वर्षं लाँचवर खाऱ्या पाण्यात भिजली, फुगली, पण कधी फुटली नाही. ती झाकणापासून तळापर्यंत तडकली होती. बाबा तिच्यासमोर उभे होते. "हिच्यात मुरलेलं सगळं पाणी काढून घेतलं गं या हवेने," म्हणाले. आवाज बारीक झाला होता. तेव्हापासून मला घरात एकटीने वावरायला भीती वाटू लागली. आपल्याशिवाय आणखी कुणीतरी या खोल्यांमध्ये आहे, ते दिसत नाही, आणि ते सारखं काहीतरी काढून घेतंय, असं वाटायचं. कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं.

एकाच गोष्टीचा धीर होता. बाबांची मान. पहिल्या संध्याकाळी मी हात लावला तर मान कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलंय आणि हे बसलेत खडखडीत कोरडे! नवऱ्याचा जहाजावरून आठवड्याने फोन आला तेव्हा मी आधी तेच सांगितलं. "बाबांना इथे घामच नाही. तिकडे चार-चार बनियन लागायचे, इथे एक पुरतो." तो म्हणाला, "सुटलो बाबा! मी उगाच घाबरत होतो." मग मीही स्वतःला समजावलं की पेटी फुटू दे, नाक फुटू दे, म्हाताऱ्याला जागा मानवली म्हणजे झालं.

त्यात बाबांच्या दोन सवयी सोबत आल्या होत्या. एक, खिडक्या. समुद्राकाठी दुपारी दोनच्या सुमाराला वारा फिरतो आणि पाण्यावरून शहरात शिरतो. दोन वाजले की घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, हा बाबांचा नेम होता. इथेही ते घड्याळात दोन वाजले की उठायचे आणि सताड उघडायचे. मी कामावर जाताना पडदे ओढून, खिडक्या लावून जायची; आले की उघड्या. भांडले तर म्हणायचे, "मला घाम आला का? हात लावून बघ. नाही ना? मग कशाला ओरडतेस?" मी हात लावून बघायची. मान कोरडीच असायची.

दुसरी सवय पाण्याची. लाँचवर मोरी नव्हती. सुकाणू सोडून आडोशाला जाणाऱ्या दुसऱ्या लाँचच्या सारंगांना बाबा फार हसायचे. स्वतः सकाळी एक कप चहा घ्यायचे, की मग संध्याकाळची शेवटची फेरी होईपर्यंत तोंडात थेंब नाही. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी तेच. मी तांब्या भरून शेजारी ठेवायची, तो संध्याकाळी तेवढाच असायचा. तिकडे ते खपून गेलं होतं, म्हणून इथे मी मनावर घेतलं नाही. घामच नाही तर पाणी कशाला, असं माझं शहाणं डोकं.

आता लाँड्रीतलं सांगते. तिथे रुळांच्या मोठ्या इस्त्रीत चादरी घालणारी एक म्हातारी होती, जन्माची याच शहरातली. तिला सगळे चिमटी म्हणायचे, कारण येता-जाता ती ज्याला त्याला चिमटे काढायची. पहिल्या दिवशी मलाही काढला. हाताच्या पाठीवरची कातडी उचलली, सोडली, आणि ती खाली बसायला किती वेळ लागतो ते मान वाकडी करून बघत राहिली. "पाणी पी," म्हणाली. मी तिथे मुख्य म्हणून आलेली, आणि ही मला सगळ्यांसमोर चिमटे काढते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मावशी, हात आवरा," म्हटलं. तिने पाण्याचा जग आणून माझ्या टेबलावर आदळला आणि गेली. रोज आदळायची. समोर आहे म्हणून मीही पीत राहायची. घरी बाबांसमोर तसा जग आदळावा हे मात्र मला सुचलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाबांच्या बनियनवर पांढरे पट्टे दिसायला लागले. पाठीवर, काखेत, गळ्याशी. कापड कडक, खळ घातल्यासारखं. आता धुलाई म्हणजे माझा प्रांत. पाणी जड असलं, साबण नीट निघाला नाही की कापडावर पांढरं बसतं, हे मी झोपेतही सांगेन. म्हटलं, या शहराचं पाणीच नाठाळ. दोनदा खळबळलं, तीनदा खळबळलं, शेवटच्या पाण्यात लिंबू पिळलं. धुतलेला बनियन दोरीवरून उतरवला की स्वच्छ. बाबांनी दिवसभर घालून संध्याकाळी काढला की पुन्हा पांढरा.

यातच मला कळायला हवं होतं. दोष पाण्याचा असता तर पांढरं धुतल्यावर आलं असतं, घातल्यावर नाही. अठरा वर्षं कपडे धुतलेल्या बाईला एवढं दिसू नये? दिसलं नाही. मान कोरडी होती ना!

तो आमचा तिथला एकोणिसावा दिवस. सकाळी निघताना बाबा खुर्चीत बसले होते, चहा तसाच शेजारी, त्यावर साय धरलेली. मी मानेवर हात ठेवला. कोरडी. आणि बाबा काही बोललेच नाहीत.

"बाबा?"

"हं."

"वाळलात," मीच म्हटलं.

ते खिडकीकडे बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "आज शेवटची फेरी लवकर आहे का?"

मला वाटलं, नवीन चेष्टा. "हो, लवकर आहे, तयार राहा," म्हणून मी हसत बाहेर पडले. जिना उतरताना मात्र लक्षात आलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच 'आली का इस्त्रीवाली' आलं नव्हतं. दोन पायऱ्या मागे फिरलेसुद्धा. पण खाली बस उभी होती, आणि ती गेली असती तर पुढची अर्ध्या तासाने. मी बस पकडली. ही गोष्ट मी नवऱ्याला अजून सांगितलेली नाही.

पिशवीत बाबांचे दोन न धुतलेले बनियन घेतले होते. लाँड्रीत पाणी मऊ करायचं यंत्र आहे. म्हटलं, तिथल्या पाण्याने धुऊन बघू, म्हणजे घरच्या नळावर खापर फोडायला मी मोकळी. दुपारी जेवणानंतर चिमटी इस्त्रीपाशी एकटी होती. मी तिच्यासमोर बनियन टाकला. "बघा मावशी, तुमच्या गावच्या पाण्याने काय केलंय."

तिने बनियन उलटा केला. पांढऱ्या पट्ट्यावरून नख फिरवलं. आणि सरळ जिभेला लावला.

"अहो, अंगातला आहे तो!" मी किळसून ओरडले.

"हे पाण्याचं नाही. मीठ आहे," ती म्हणाली. "कुणाच्या अंगातलं?"

"सासऱ्यांच्या. पण त्यांना घामच येत नाही. मी रोज मान बघते. कोरडी असते."

चिमटीने बनियन खाली ठेवला. इतके दिवस माझ्यावर गुरगुरणारी म्हातारी एकदम हळू आवाजात बोलायला लागली. "बाई, इथे घाम दिसत नाही. अंगातून निघतो तोच हवा पिऊन टाकते. मीठ तेवढं मागे राहतं. एवढं मीठ म्हणजे बादलीभर पाणी गेलंय त्या माणसाचं. पितो किती?"

"सकाळी एक कप चहा," मी म्हटलं.

"लघवीला जातो का?"

आमच्या संडासाच्या दारालाही लोखंडी कडी होती. तिचा चटका बसला की बाबा दर वेळी एक सणसणीत शिवी हासडायचे. काल संध्याकाळपासून मी ती शिवी ऐकली नव्हती. रात्री नाही, पहाटे नाही, सकाळीही नाही.

भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. दहा मिनिटांनी बाबा खिडक्या उघडणार होते.

घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. ओळखीचं म्हणावं असं त्या इमारतीत कुणी नव्हतं. एकोणीस दिवसांत मी कुणाशी धड बोलले नव्हते, सगळ्यांवर नाक मुरडत होते. चिमटीने बॉयलरवाल्याला हाक मारली, "स्कूटर काढ! हिला घरी सोड, पळ!" त्याने एक शब्द विचारला नाही.

त्या रस्त्यावर मी जन्मात घाबरले नव्हते इतकी घाबरले. तोंडावर वारा येत होता तो वाळवणी मशिनचं दार उघडल्यावर येतो तसा. डोळे उघडले की जळायचे, मिटले की बाबा दिसायचे. तुझ्या माथी हं. तुझ्या माथी हं. मी मोठ्याने बडबडत होते, "तुमच्या जिवासाठीच आणलं होतं बाबा, देवाशपथ," आणि बॉयलरवाला मान न वळवता म्हणत होता, "आलं, आलं, पोचलोच."

तीन मजले कशी चढले माहीत नाही. कडीला हात लागला तेव्हा ठिणगी उडाली असेल, मला कळली नाही.

खिडक्या सताड उघड्या होत्या. पडदे आत उडत होते. बाबा खुर्चीत, तोंड खिडकीकडे, एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट धरलेला. शेजारी तांब्या भरलेला, जसा ठेवला होता तसा. मी मागून गेले आणि सवयीने मानेवर हात ठेवला.

कोरडी. आणि हात ठेववेना इतकी गरम.

खोटं कशाला बोलू, त्या एका क्षणाला माझा हात मला सांगत होता की कोरडी आहे म्हणजे ठीक आहे. बारा वर्षांची सवय ती. तेव्हा मला बाबांच्या अवस्थेपेक्षा माझ्याच हाताची जास्त भीती वाटली. याच हाताने रोज चाचपून, रोज खात्री करून, मी त्यांना इथवर आणलं होतं.

"बाबा! अहो बाबा!"

डोळे अर्धे उघडे होते. मला ओळखलं नाही. ओठ हलले. "पाणी ओसरलं," म्हणाले. "धक्का दिसत नाही. लाँच रुतणार."

"नाही रुतत! मी आहे ना!" मी किंचाळले. चिमटीची आठवण झाली. त्यांच्या कपाळावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेचना.

हातपाय चालवल्याशिवाय मी वेडी झाले असते. आणि मला येतं तरी काय? चादरी येतात. पलंगावरची चादर ओढली, मोरीतल्या बादलीत बुडवली आणि तशी निथळती आणून बाबांना गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळली. या हवेत ओलं कापड बघता बघता वाळतं आणि वाळताना गार पडतं, हे मी रोज हाताने अनुभवत होते. त्या हवेचा मला पहिल्यांदाच काही उपयोग होत होता. मी त्यांना पाणी पाजायला गेले तर माझ्यामागून वर आलेल्या बॉयलरवाल्याने हात धरला. "ओतू नका, शुद्ध नाही त्यांना, ठसका लागेल. ओठ ओले करा नुसते." त्याने खिडक्या लावल्या, डब्याचं झाकण घेऊन वारा घालायला लागला, आणि दुसऱ्या हाताने लाँड्रीत फोन लावला. चादर वाळली की मी पुन्हा तांब्या ओतायची. खांद्यावर ओतून पायाशी येईपर्यंत खांदा वाळलेला. मी ओतत होते आणि हवा पीत होती.

आमच्या चादरींची गाडी आली. दवाखान्यात धुतलेले गठ्ठे पोचवते ती. त्याच गठ्ठ्यांवर बाबांना आडवं घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, डोळे बघितले, पोट चाचपलं. दोन्ही हातांना सलाईन लावलं. "ओली चादर कुणी गुंडाळली?" विचारलं. मी, म्हटलं. मला वाटलं ओरडतील. "चांगलं केलंत. नाहीतर इथवर पोचले नसते." मग माझं तोंड बघून त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. अंगातलं पाणी इतकं संपलंय की मूत्रपिंडांनी काम थांबवलंय. थकून थांबलीत की कायमची बंद पडलीत, ते आत्ता सांगता येत नाही. सलाईन जाऊ दे. लघवी झाली तर समजायचं, वाचले. सात वाजेपर्यंत नाही झाली तर नळी घालू, दुसऱ्या दवाखान्यात रक्त शुद्ध करायच्या मशिनवर न्यावं लागेल, आणि या वयात मशिनवर गेलेला माणूस...

मला पुरेसं कळलं होतं.

चार वाजले. पाच वाजले. बाटल्या बदलल्या. बाबांनी एकदा डोळे उघडून छताकडे पाहिलं आणि मिटले. मी हाक मारली तर भुवई हलली, एवढंच. नर्स दर अर्ध्या तासाने यायची, चादरीखाली हात घालायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. नाही. पुन्हा यायची. नाही. दर वेळी तिची पावलं वाजली की मी उठून उभी राहायची.

बाबांच्या अंगाखालची चादर आमच्याच लाँड्रीची होती. कोपऱ्यात निळा शिक्का. कदाचित त्याच सकाळी माझ्या टेबलावरून गेली असेल, मी गालाला लावून, वाळली म्हणून पुढे ढकललेली. अठरा वर्षं मी एकच काम केलंय, ओलं कापड पुढे जाऊ द्यायचं नाही. ओली चादर सापडली की मी पोरींना इतकं बोलायची की त्या रडायच्या. आणि आता मी त्या चादरीकडे डोळे फाडून बघत होते आणि मनात एकच, हो ना गं ओली. एकदा हो. पुन्हा कुणावर ओरडणार नाही. यांना परत समुद्राकाठी नेईन, चार घरची धुणी करीन, पण तू एकदा ओली हो.

सहा वाजून गेले. नर्स आली, हात घातला, नाही म्हणाली. डॉक्टरीणबाई दारातून घड्याळाकडे बघून गेल्या. बाहेर व्हरांड्यात गाडी सांगायचं बोलणं सुरू झालेलं मला ऐकू येत होतं. पाचावर धारण बसते म्हणतात ती काय असते ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात माझ्या मनगटाला काहीतरी लागलं. बाबांची बोटं. डोळे उघडे होते आणि माझ्यावर होते. ओठ हलले, पण ऐकू येईना. मी कान तोंडाशी नेला.

"सूनबाई," म्हणाले. आवाज नुसता खरखरत होता. तोंड भिंतीकडे वळवायची धडपड करत होते. "कुणाला सांगू नकोस. माझ्याच्याने धरवलं नाही गं."

मी चादरीखाली हात घातला. ओली होती. ओली, ऊन, हाताला चिकटणारी. थोडीच होती, पण होती.

"सिस्टर!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "सिस्टर, झाली! ओली झाली! अहो, ओली झाली!"

"ओरडतेस काय," बाबा कळवळून म्हणाले. "लोक ऐकतील."

"ऐकू देत!" मला हुंदका आवरेना. चाळीस वर्षं सुकाणूवर थेंबभर पाणी न पिता उभा राहिलेला माणूस लाजेने डोळे मिटून घेत होता, आणि मी सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगत होते. "लाजता कशाला? मीच धुणार आहे ना ती!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. पाहिलं, बाबांच्या पोटावर हात ठेवला, नर्सला म्हणाल्या, "गाडी नको सांगूस." मला म्हणाल्या, अजून दोन दिवस धोका आहे, रक्त तपासावं लागेल, लगेच हुरळून जाऊ नका. मी हो हो म्हटलं. माझी भीती कुठे गेली नव्हती, ती तशीच छातीवर बसली होती. ती आजही आहे. बाबांच्या मानेला हात लावायला मला अजून धीर होत नाही.

नर्स हातावर धुतलेली, कोरडी चादर घेऊन आली. कडक इस्त्रीची, आमचीच. "बाजूला व्हा, बदलते," म्हणाली.

"थांबा जरा," मी म्हटलं. माझा हात अजून त्या ओल्या चादरीवरच होता.